चढाओढ कशाची करायची?

(सालेकसा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



 विषय ठरवताना संयोजकांनी मला एक अट घातली होती. मोठ्या उद्योगपतींच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. त्या आमच्या पोरांनी मोबाइलवर भरपूर ऐकल्या आहेत. थोड्या पैशात सुरू केलेला धंदा टिकतो कसा, तेवढं सांगा. अट मला पटली, कारण धंदा सुरू करणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. 2015 पासून मुद्रा योजना आहे, तिच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. 2020 मध्ये फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आली. बचत गटातून मिळणारं अंतर्गत कर्ज आहेच. बँकेत खेटे घालावे लागतात, चप्पल झिजते, सगळं खरं. पण भांडवल कुठूनच मिळत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसलेला माणूस आज कमी दिसतो. थाटात सुरू केलेलं दुकान दुसऱ्या दिवाळीला बंद करून बसलेला माणूस मात्र गावोगावी भेटतो. त्याचं काय चुकलं, हा माझा आजचा विषय.

तो सहसा म्हणतो, "स्पर्धा फार वाढली." खरं आहे त्याचं. पण ती वाढणारच होती. जो धंदा आपल्याला थोड्या पैशात उभा करता येतो, तो तेवढ्याच पैशात शेजाऱ्यालाही उभा करता येतो. भिलाईचा पोलाद कारखाना पाहून उद्या कुणी दुसरा भट्टी लावून बसत नाही. चहाची टपरी पाहून आठ दिवसांत समोर दुसरी टपरी लागते. कमी भांडवलाच्या धंद्याला कुंपण नसतं. गुणही तोच आणि दोषही तोच.

आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या मंडळींना एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी आठवत असेल. काचेची खोली, आत फोन, वर आकडे पळणारं मीटर. ज्याने गावात पहिली पाटी लावली त्याने दोनचार वर्षं बरे पैसे पाहिले. मग बाजूच्याने लावली, मग औषधाच्या दुकानाने लावली, मग किराणावाल्याने लावली. अखेरीस मोबाइल आला आणि सगळ्याच पाट्या उतरल्या. त्यानंतर तोच प्रवास झेरॉक्सचा झाला, रिचार्जचा झाला, ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचा झाला. बांगलादेशात ग्रामीण बँकेच्या कर्जावर खेड्यातल्या बायकांनी 1997 पासून मोबाइल फोन घेऊन 'फोनवाली'चा धंदा केला. जगभर कौतुक झालं. गावात एक फोनवाली होती तोवर कमाई चांगली होती. फोन घरोघरी आल्यावर ती आटली. त्या बायकांनी कष्टात कसर केली नव्हती. फोन लावून देण्यापलीकडे गिऱ्हाइकाला त्यांच्याकडून हवं असं काही उरलं नव्हतं, एवढंच.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. थोड्या पैशाच्या धंद्यात चढाओढ टळत नाही, पण ती कशाची करायची हे मात्र आपल्या हातात असतं. भावाची केली तर ती आपल्याच घरातून वसूल होते. कामाची केली तर गिऱ्हाईक वाढतं. ज्याला आपण कल्पकता म्हणतो, तिचं छोट्या धंद्यातलं काम एवढंच असतं की चढाओढ भावावरून उचलून दुसऱ्या कशावर तरी नेऊन ठेवायची.

भाव पाडला की काय होतं

हिशेब करून पाहू. समजा, भज्यांची प्लेट 10 रुपयांना जाते. बेसन, तेल, गॅस, कागद धरून 7 रुपये खर्च येतो. प्लेटमागे 3 रुपये सुटतात. दिवसाला 100 प्लेटा गेल्या तर 300 रुपये. समोर दुसरी गाडी लागली म्हणून आपण भाव 9 केला. गिऱ्हाइकाला वाटतं, एकच तर रुपया उतरला. पण आपल्या हाती 3 ऐवजी 2 उरले. तेच 300 रुपये मिळवायला आता 150 प्लेटा तळाव्या लागतील. आणि समोरचा काही झोपलेला नसतो. तो संध्याकाळपर्यंत 9 वर येतो. म्हणजे गिऱ्हाईक होतं तेवढंच राहिलं आणि दोघांचीही एक तृतीयांश कमाई गेली. तिसऱ्या दिवशी दोघांपैकी एक जण तेल बदलायचं टाळतो. मग गिऱ्हाईकही जातं.

यात आणखी एक मेख आहे. त्या 7 रुपयांत आपली स्वतःची रोजी धरलेली नसते. पहाटे उठून कांदे चिरणाऱ्या बायकोची तर कधीच धरलेली नसते. शाळेतून आल्यावर गाडीवर उभ्या राहणाऱ्या पोराचीही नसते. त्यामुळे भाव पाडताना आपल्याला वाटतं की आपण नफा सोडतो आहोत. प्रत्यक्षात आपण घरच्यांची मजुरी सोडत असतो. मोठा कारखानदार भाव पाडतो तेव्हा तो साठवलेल्या पैशातून पाडतो. छोटा धंदेवाला भाव पाडतो तेव्हा तो बायकोच्या झोपेतून पाडतो.

आपल्या जिल्ह्याचा जुना धडा

हे शिकायला लांब जायची गरज नाही. गोंदियाची ओळख जशी तांदळाची, तशीच बिडीची. 1899-1900 च्या दुष्काळात गुजरातेतून काही कुटुंबं मध्य प्रांतात आली. त्यांनी इथला तेंदूपत्ता पाहिला, स्वस्त मनुष्यबळ पाहिलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदिया-जबलपूर अरुंद रुळांची गाडी सुरू झाल्यावर मालाची ने-आण सोपी झाली. थोड्या पैशात सुरू होणारा याहून सोयीचा धंदा शोधून सापडला नसता. यंत्र नको, इमारत नको, वीज नको. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. सूप मांडीवर घेतलं की कारखाना सुरू.

सोपा धंदा असल्यामुळे कारखानदारही खूप झाले. मग चढाओढ कशाची झाली? थोडी कल्पकता लेबलात दिसली. बिडीच्या कट्ट्यावरची ती रंगीत चित्रं, वाघ, मोर, देवदेवता, आकडे. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं तोही चित्र पाहून आपला कट्टा मागायचा. दोऱ्याच्या रंगावरून बिडी ओळखू यायची. बाजारात आपली ओळख कशी करायची हे त्या व्यापाऱ्यांना बरोबर कळलं होतं. याच धंद्यातून आलेल्या मनोहरभाई पटेलांनी 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था उभी केली आणि या भागात शिक्षणाची दारं उघडली, हेही विसरायचं कारण नाही.

पण लेबलाच्या खालची चढाओढ भावाची होती, आणि तिचे पैसे वळणाऱ्या बाईने भरले. कारखान्यातलं काम सट्टेदारामार्फत, म्हणजे मधल्या ठेकेदारामार्फत, घराघरात गेलं. मजुरी हजार बिड्यांमागे. पान कमी पडलं तर तिने पदरचं घालायचं. वळून नेलेल्या बिड्यांतून 'छाट' निघायची, म्हणजे काही बिड्या नापास ठरायच्या. छाटीची मजुरी नाही, आणि ती छाटही परत मिळायची नाही. अखेर 1966 मध्ये संसदेला बिडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

त्या कायद्यानंतर केरळात जे झालं ते ऐकण्यासारखं आहे. कायदा लागू होताच कन्नूर भागातल्या मोठ्या बिडी मालकांनी कारखानेच बंद केले. हजारो कामगार रस्त्यावर आले. त्यांनी 1969 मध्ये सहकारी संस्था काढली, दिनेश बिडी. तीच पानं, तीच तंबाखू, तेच हात. मजुरी मात्र कायद्याप्रमाणे, भविष्य निर्वाह निधी, रजा. स्वस्त बिडीशी भावात लढणं त्यांना शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी मालाची प्रत आणि दुकानापर्यंत वेळेवर पोहोचणं या दोन गोष्टी धरल्या. भरभराटीच्या काळात या संस्थेत 40,000 च्या आसपास कामगार होते. पुढे लोक बिडी सोडू लागले, आणि सोडावी हेच बरं. तेव्हा याच संस्थेने छत्र्या, मसाले, नारळाचं दूध असे वेगळे धंदे सुरू केले. जिथे सगळी बचत मजुरीतून काढली जात होती, तिथे धंदा बसला की कामगारही बसला. दिनेश बिडीत निदान पुढचा विचार करायला कामगारांच्या हातात संस्था होती.

खाट आणि स्टोव्ह

आता पापड. लिज्जतचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्या गोष्टीतला सगळ्यात उपयोगी भाग सहसा कुणी सांगत नाही. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी पापड लाटले. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. भांडवल 80 रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. मुंबईसारख्या शहरात पापड लाटता येणाऱ्या बायका किती असतील? लाखो. म्हणजे स्पर्धा पहिल्याच दिवसापासून दारात उभी.

सुरुवातीच्या काळात त्यांनीही आपल्यासारखाच विचार केला. एक चांगला पापड आणि एक जरा हलका, म्हणजे हलका कमी भावात विकता येईल. त्यांना पैसे देणारे छगनबापा, म्हणजे छगनलाल पारेख, यांनी त्यांना तिथेच थांबवलं. पापड एकाच प्रतीचा करा आणि त्यात कधी तडजोड करू नका, असा त्यांचा सल्ला होता. भावात उतरायचा रस्ता समोर असताना तो बंद करणं, ही त्या धंद्यातली पहिली शहाणपणाची गोष्ट.

दुसरी गोष्ट पावसाची. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळेनात. ही अडचण मुंबईतल्या प्रत्येक पापडवालीची होती, आणि ती सगळ्यांनी देवाची मर्जी म्हणून मान्य केलेली होती. पुढच्या वर्षी या बायकांनी एक खाट घेतली आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर पसरले, खाटेखाली स्टोव्ह पेटवून ठेवला. बाहेर धो धो पाऊस आणि आत पापड वाळत आहेत.

कल्पकता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी नवलाचं, कुणी न केलेलं येतं. पापडात नवं काय होतं? काहीच नाही. खाट नवी नाही, स्टोव्ह नवा नाही. चार महिने धंदा का बंद राहतो, एवढा एक प्रश्न त्यांनी सोडला नाही. पहिल्या वर्षीची त्यांची विक्री 6,196 रुपये होती. 1962 मध्ये नाव ठरवायचं तर त्यासाठीही स्पर्धा ठेवली, बक्षीस 5 रुपये. 'लिज्जत' हे नाव 5 रुपयांत मिळालं. 2021 मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली, आणि तोवर संस्थेतल्या बहिणींची संख्या 45,000 च्या आसपास गेली होती.

नागपूरच्या सावजी भोजनालयांकडेही असंच पाहता येतं. हातमागाला उतरती कळा लागली, तसं हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं झणझणीत मटण घराबाहेर विकायला आलं. भांडवल काय, तर घरची चूल आणि घरचा मसाला. 'सावजी' ही पाटी आज कुणीही लावतो, त्या नावावर कुणाची मालकी नाही. तरी नागपूरकर एका पाटीखालून उठून दुसरीकडे जातो तो भाव विचारून जात नाही. कुणाच्या घरचा मसाला कसा, हे त्याला पाठ असतं.

चढाओढीने वाढलेला धंदा

माझं बोलणं ऐकून कुणाला वाटेल की मी स्पर्धेच्या विरोधात आहे. तसं नाही. स्पर्धेने धंदा कसा वाढतो याचं उत्तम उदाहरण आपल्या झाडीपट्टीतच आहे, आणि त्यासाठी तुम्ही तिकीट काढून रात्रभर जागलेले आहात. धान निघालं, दिवाळी झाली की मंडई सुरू होते. पाहुणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात आणि रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, इथे नाटक मंडळ्यांची कार्यालयं थाटली जातात. गावचं मंडळ तिथे जाऊन सौदा करतं, मैदानात पडदे बांधतं आणि तिकीट लावतं. नट, गायक, वादक, सगळे हंगामापुरते ठरलेले. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या सगळ्या रंगभूमीचाच सन्मान झाला.

आता पाहा. एकाच रात्री एकाच गावात दोन-दोन, तीन-तीन नाटकं लागतात. पुण्या-मुंबईचा निर्माता म्हणेल, एकमेकांचं नुकसान करतील. पण तसं होत नाही. तीन नाटकं आहेत म्हटल्यावर आजूबाजूच्या गावांतले लोक जास्त येतात. एका नाटकाला आलेला माणूस दुसऱ्याच्या लावणीची चर्चा ऐकतो आणि पुढच्या गावात ते पाहायला जातो. मंडळ्यांना दर हंगामात नवं नाटक आणावं लागतं, नवं नाव, नवा खलनायक, नवं गाणं. तिकीट अर्ध्यावर आणून कुणी मैदान भरत नाही, कारण पडेल नाटकाला फुकटही कुणी थंडीत बसत नाही. मंडळाला उरलेल्या पैशातून गावात काहीतरी होतं. चढाओढ कामाची असली की बाजार वाढतो, तो असा.

हाच नियम खाण्याच्या गाड्यांनाही लागू आहे. माघ पौर्णिमेला कचारगडला गोंडी समाजाचे भाविक महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि त्यापलीकडूनही येतात. दरेकसा स्टेशनावर गर्दी उतरते. दुकानांची रांग लागते. रांग लागण्यात काही वाईट नाही. रांग असते म्हणून लोक त्या बाजूला वळतात. अडचण ही की रांगेतल्या बऱ्याच दुकानांत तोच माल असतो, आणि तो तिसऱ्याच शहरातून आलेला असतो. यात्रेहून परतणाऱ्या माणसाला घरी न्यायला इथलं म्हणून काय मिळतं? ज्या कचारगडाला तो आपल्या कुळाचं मूळ स्थान मानतो, तिथली जवसाची चटणी, लाखोळीची डाळ, मोहफुलांचे लाडू, हातसडीचे तांदूळ छान पुडीत बांधून, पुडीवर गावाचं नाव घालून कुणी दिले तर तो भावाची घासाघीस करेल का? नावाला किंमत असते. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं, मग भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही मिळालं. दोन्हीकडचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तोच सुगंधी तांदूळ पिकवत होता. नाव कागदावर चढल्यावर भाव मागायला त्याच्या हातात काहीतरी आलं.

गर्दी कोणत्या बाजूला

शेवटचा मुद्दा जंगलाचा, आणि सालेकसा तालुक्यात तो टाळून चालणार नाही. स्पर्धा म्हटलं की आपण विकणाऱ्यांची स्पर्धा धरतो. पण बाजाराला दोन बाजू असतात. विकणारे शंभर आणि घेणारा एक असेल, तर शंभरांतला प्रत्येक जण कितीही कल्पक असला तरी भाव घेणाराच ठरवतो.

तेंदूपत्त्याचं तसंच होतं. एप्रिलच्या शेवटी पहाटे अंधारात घरातले सगळे जंगलात. दुपारी सावलीत बसून 70-70 पानं जुळवायची, पाठीला पाठ लावून, आणि वाखाने पुडका बांधायचा. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. 1,000 पुडक्यांची एक प्रमाण गोणी. 1969 च्या कायद्यापासून हा व्यापार सरकारच्या हाती होता. लिलाव वन विभागाचा, माल ठेकेदाराचा, आपली फक्त मजुरी. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने सामूहिक हक्क मिळवून बांबू स्वतः विकून दाखवला. 2013 पासून गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. यात कल्पकता कुठली? पान तेच, पुडका तोच. या ग्रामसभांनी एकेकटं न विकता अनेक गावांचा मिळून लिलाव ठेवला. आता एका बाजूला एकत्र आलेली गावं आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांवर बोली चढवणारे व्यापारी. स्पर्धा संपली नाही. तिने बाजू बदलली. मजुरीसोबत नफ्याचा वाटाही गावात राहू लागला. सगळीकडे सुरळीत झालं असं नाही. बाजार पडला त्या वर्षी व्यापारी फिरकला नाही, पैसे अडकले, हेही झालं. पण पडलेल्या बाजारात आधीही मजूरच मरत होता. निदान आता सौदा करायला तो टेबलाशी बसलेला असतो.

मोहफुलात हा धडा अजून पुरता घ्यायचा आहे. महाराष्ट्रात 2021 मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठले. तरी चित्र काय? मार्च-एप्रिलात फुलं गळतात. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, त्याने फुलाला राख लागते आणि कधी जंगलही पेटतं. फुलं अंगणात वाळवून लगेच आठवडी बाजारात विकली जातात, कारण मीठमिरचीला पैसे हवे असतात. सगळे एकाच वेळी विकतात म्हणून भाव पडलेला असतो. पावसाळ्यात तेच फूल त्याच घराला चढ्या भावाने विकत घ्यावं लागतं. मध्य प्रदेशात काही ठिकाणी झाडाखाली जाळ्या बांधून, जमिनीला न टेकलेलं स्वच्छ फूल खाण्याच्या पदार्थांसाठी वेगळ्या भावाने विकलं गेलं, परदेशातही गेलं. म्हणजे झाडाखाली जाळी, वाळवायला उंच माच आणि चार महिने माल राखायला कोरडी खोली. खाट आणि स्टोव्हचीच ही बहीण आहे.

आता आपलं काय

धंदा सुरू करू पाहणाऱ्या तरुणांना आणि भगिनींना मी तीन प्रश्न स्वतःला विचारायला सांगेन. पहिला, खर्चात माझी आणि घरच्यांची रोजी धरली आहे का? ती धरून काही उरत नसेल तर तो धंदा नाही, ती बिनपगारी नोकरी आहे. दुसरा, शेजाऱ्याने उद्या हेच सुरू केलं तर गिऱ्हाइकाने माझ्याकडेच का यावं? उत्तर फक्त "मी स्वस्त देतो" असं येत असेल तर थांबा आणि पुन्हा विचार करा. उत्तर लहान असलं तरी चालेल: माझं दुकान पहाटेच्या गाडीच्या वेळेला उघडं असतं, माझ्याकडे शिळं तेल नसतं, मी शिवलेल्या ब्लाउजला परत माप घ्यावं लागत नाही. तिसरा प्रश्न उधारीचा. आपल्या भागात पैसा धान विकल्यावर येतो. त्याआधी गिऱ्हाईक उधारी मागणारच. उधारी द्यायचीच नाही म्हटलं तर धंदा होत नाही, सगळ्यांना दिली तर धंदा राहत नाही. कुणाला, किती आणि कधीपर्यंत, हे ज्याला नेमकं कळतं त्याच्याशी बाहेरचा मोठा दुकानदारही टक्कर देऊ शकत नाही, कारण गावातलं कोण कसं आहे हे त्याला ठाऊक नसतं.

काही धंद्यांत भावाखेरीज काही नसतं, हेही सांगून टाकतो. रिचार्जचं कमिशन कंपनी ठरवते. तिथे आपली अक्कल चालत नाही. असा धंदा जोडीला ठेवावा, त्यावर घर चालवायचं ठरवू नये. नक्कल करण्यातही मला पाप दिसत नाही. सगळे जण दुसऱ्याचं पाहूनच शिकतात. फक्त वर्षभरानंतरही आपलं दुकान शेजाऱ्याच्या दुकानासारखंच दिसत असेल तर आपण काही शिकलो नाही.

पण सगळा भार एकेका माणसाच्या कल्पकतेवर टाकणं बरोबर नाही. ज्याला रोज संध्याकाळी चूल पेटवायची चिंता आहे तो चार महिने माल धरून ठेवू शकत नाही, कितीही हुशार असला तरी. म्हणून काही गोष्टी मिळूनच कराव्या लागतात: माल ठेवायची खोली, वाळवायची सोय, खरं माप दाखवणारा काटा, बाहेरच्या व्यापाऱ्याशी सौदा. त्या मिळून करा. चव, शिलाई, वेळ पाळणं, गिऱ्हाइकाशी बोलणं यांत मात्र एकमेकांवर चढ करा, मनसोक्त करा. आपण बहुतेक वेळा नेमकं उलटं करतो. माल एकसारखा आणतो आणि भावात एकमेकांचे गळे धरतो.

इथे ग्रामसभांचे पदाधिकारी आहेत, बँकेचे अधिकारी आहेत, बचत गटांच्या अध्यक्षा आहेत. त्यांना एक विनंती करतो. पुढच्या हंगामात मोहफुलं गळायला लागण्याच्या आत तालुक्यातल्या दहा गावांत जाळ्या आणि एकेक कोरडी खोली यांची सोय करून पाहा, आणि त्या खोलीत ठेवलेल्या मालावर घरखर्चापुरती उचल द्या, म्हणजे घाईने विकायची पाळी येणार नाही. पावसाळ्यात किती भाव मिळाला, ते पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून त्या भगिनींनीच सांगावं. ते व्याख्यान ऐकायला मी खाली बसेन.